दोन बोटं सैल

२ फेब्रुवारी

ही वही कॉलेजातल्या तिच्यासाठी कविता लिहायला घेतली होती. पहिल्या पानावर चार ओळी आहेत. फाडणार होतो, पण एक पान फाडलं की जोडीचं मागचं पानही सुटतं, म्हणून राहू दिल्या. कॉलेज का सोडलं ते इथं परत उगाळत बसत नाही. विभागप्रमुख म्हणाले, पटत नसेल तर दार उघडं आहे. मी म्हणालो ठीक, आणि त्या दारातून निघालो. वाटलं होतं ती निदान जिन्यापर्यंत मागे येईल. आली नाही. तिचं प्रॅक्टिकल असावं.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. ताईची मुलगी. पाच वर्षांची, पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. दाजी बोटीवर असतात, वर्षातून दोनदा उतरतात, म्हणून मायलेकी आमच्याकडेच. बाबा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही.

काल बाबांनी भिंगरीला फ्रॉकच्या मापाला स्टुलावर उभं केलं. खांदा झाला, उंची झाली, कमरेशी येऊन ते थांबले. टेप काढून परत घातला. म्हणाले, पोट आत ओढ. ती म्हणाली, ओढलंय. खरंच ओढलं होतं, बरगड्या दिसत होत्या. सहा महिन्यांपूर्वी एकवीस होती, आता पंचवीस, आणि हातपाय काडीसारखे. बाबांनी टेप गळ्यात टाकला आणि तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवला. गिऱ्हाईकाचं भारी कापड उलटं कापलं गेलं की त्यांचा चेहरा होतो तसा झाला.

आमच्या डॉक्टरांनी आज मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

६ फेब्रुवारी

मूत्रपिंडावर गाठ आहे. कॅन्सर हा शब्द मोठ्या डॉक्टरांनी अगदी साध्या आवाजात उच्चारला, जणू पत्ता सांगतायत. बुटक्या बाई आहेत, कोटाच्या खिशाला कार्टूनचे स्टिकर. ताईनं एकही प्रश्न विचारला नाही, म्हणून मीच विचारले, जरा चढ्या आवाजात.

उत्तर असं: आधी चार आठवडे औषधं, मग परत स्कॅन, मग ऑपरेशन करून गाठ मूत्रपिंडासकट काढायची. दुसरं मूत्रपिंड चांगलं आहे, एकावर माणूस आयुष्य काढतो. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. औषधाला ती कितपत दबली यावर ठरणार की पुढची औषधं सौम्य की कडक, आणि आम्ही आशा किती धरायची. मी म्हणालो, किती सेंटिमीटरची झाली म्हणजे पोरगी वाचली, एवढंच सांगा. म्हणाल्या, एवढ्यावर सांगता येत नाही. म्हणजे गोलमोल. डोक्यात तिडीक गेली, पण ताईनं शर्ट मागून धरला होता.

स्कॅनच्या खोलीत गाठ मोजणारी एक चष्मेवाली आहे. वयानं माझ्याएवढीच असेल, तोऱ्यानं विभागप्रमुखाएवढी. काचेच्या अलीकडे बसून पडद्यावर रेघा ओढते: लांबी, रुंदी, जाडी. मी म्हणालो, एका रेघेला हात हलला तुमचा. ती म्हणाली, "माझा हात नाही, पेशंटच्या मामांचा पाय हलतोय. टेबलाला लागतोय." तीन बाजू कशाला, हेही विचारलं. म्हणे गाठ एकीकडून आटते आणि दुसरीकडून फुगते, एका बाजूवर विसंबलात तर फसाल. असल्या माणसांशी बोलण्यात अर्थ नाही.

९ फेब्रुवारी

पहिलं औषध गेलं. भिंगरी सुईला रडली नाही, चिकटपट्टी काढताना रडली. तिला मी सांगितलंय की पोटात एक भाडेकरू शिरलाय, भाडं देत नाही, आणि हे औषध म्हणजे त्याला खोली सोडायची नोटीस. तिनं नर्सला विचारलं, भाडेकरूला वाचता येतं का?

पलंगाच्या डोक्याशी पाटी लावलीय: पोट दाबू नये. नर्सनं बजावलं की खेळतानासुद्धा कमरेला मिठी नको, उचलायचं तर बगलेतून. गाठीचं आवरण फाटलं तर आजार पोटभर पसरतो आणि एवढी सगळी गणितं बदलतात. ताईनं ते दोनदा म्हणून घेतलं, पाढ्यासारखं. बाबा तेव्हा खाली रिक्षा बघायला गेले होते.

घरी आलो. आता आठवड्याला एकदा औषधापुरतं जायचं.

कॉलेजातल्या तिला निरोप पाठवला की माझ्या भाचीला कॅन्सर आहे. तिचं उत्तर आलं: 'अरे देवा. काळजी घे.' दोनच वाक्यं, पण 'घे' म्हणाली, 'घ्या' नाही.

१५ फेब्रुवारी

रविवार. चार आठवडे नुसतं हातावर हात धरून बसणं बाबांना जमणारं नाही. मलाही नाही. ठरलं की दर रविवारी आपण घरीच माप घ्यायचं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, भिंगरी स्टुलावर. कमरेचं माप म्हणजे टेपखाली दोन बोटं हवीत, हा या घरातला पहिला धडा. मला अक्षरं यायच्या आधी तो आला होता. आवळून घेतलेलं माप म्हणजे गिऱ्हाईकाचा श्वास चोरणं, असं बाबा म्हणतात.

साडेचोवीस! म्हणजे अर्धा इंच गेला. मी आरशाच्या कोपऱ्यात खडूनं आकडा लिहिला. ताई आरशाकडे बघत उभी राहिली, स्वतःला नाही, आकड्याला.

१९ फेब्रुवारी

केस जायला लागले. ताई उशी झटकायला परसात जाते आणि बराच वेळ झटकते.

बाबांनी राहिलेला फ्रॉक शिवला. निळा, पुढून बटणांचा, म्हणजे तपासायला सोपा. पण माया अजिबात सोडलेली नाही. आमच्यात लहान पोरांच्या कपड्याला आत शिवणीपलीकडे चांगलं दोन बोटं कापड सोडतात, पोर वाढलं की उसवून मोठं करायला. इथं शिवण अगदी काठाला. विचारलं तर म्हणाले, कापड कमी पडलं. फळीवर त्याच निळ्या कापडाचा पाऊण मीटर तुकडा पडलाय. म्हातारपणी हिशेब चुकायला लागले बहुतेक.

२२ फेब्रुवारी

चोवीस! बाबांनी टेप घातला आणि लगेच आकडा सांगून मोकळे. मी म्हणालो, बोटं? म्हणाले, घातली की, तुझं लक्ष कुठं असतं. लक्ष फोनकडे होतं हे खरं. तिला कळवलं की गाठ आटतेय. तिनं अंगठा पाठवला. परीक्षेच्या दिवसांत एवढं कोण करतं?

२६ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चष्मेवाली पुढ्यात आली. म्हणाली, कशी आहे तुमची भिंगरी? तिला नाव माहीत असेल असं वाटलं नव्हतं. मी छाती काढून सांगितलं की एक इंच कमी झालंय, आमच्याकडे मोजणारे चाळीस वर्षांचे कारागीर आहेत. ती म्हणाली, पोट म्हणजे गाठ नव्हे, त्यात आतडी असतात, जेवण असतं, कधी नुसता वारा असतो. मी म्हणालो, वारा तुमच्या मशीनमध्ये असेल. ती हसली. राग यायला हवा होता तिला.

१ मार्च

तेवीस! दाजींना फोन केला. समुद्राच्या आवाजातून म्हणाले, परत सांग. परत सांगितलं.

माप घेताना भिंगरी म्हणाली, आबा, टोचतंय. बाबा म्हणाले, नवा टेप आहे ना, कडक असतो. टेप जुनाच आहे, कडेला फाटलेला. पण पोरांशी असंच काहीतरी बोलायचं असतं.

१० मार्च

आधी झालं तसंच लिहितो.

आज स्कॅन होतं. निघता निघता बाबांनी परत एकदा टेप घातला होता, तेवीसच. आधी चष्मेवालीनं सोनोग्राफीसाठी भिंगरीला टेबलावर घेतलं, फ्रॉकची बटणं काढली आणि थांबली. पोटावर लाल रेघ होती, आडवी, बोटभर रुंद, दोन्ही कडा सरळ. म्हणाली, ही कसली? मी म्हणालो, चड्डीचं इलॅस्टिक असेल. ती म्हणाली, इलॅस्टिकच्या चुण्या उमटतात, हे सपाट काहीतरी आहे. पोटाला काही आवळू नका, सांगितलंय ना तुम्हाला? मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो ते तेव्हा कळलं नाही.

मग आतल्या मशीनवर मोठं स्कॅन झालं. तिनं रेघा ओढल्या: लांबी, रुंदी, जाडी. पुन्हा ओढल्या. मी तिच्या खुर्चीमागून वाकून बघत होतो. जवळजवळ तेच आकडे. महिन्यापूर्वीचे आणि आजचे शेजारी ठेवले तर भाऊभाऊ दिसतील.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोललो सगळं लिहीत नाही. मशीन भंगारात घाला म्हणालो, औषधाच्या नावाखाली पाणी घालताय म्हणालो, तिला म्हणालो की तुला रेघ ओढता येत नाही. अरेतुरे केलं. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. मोठ्या डॉक्टर आल्या. मी त्यांनाही सुनावलं: आमच्या टेपनं दोन इंच कमी दाखवलंय, तुमचा आकडा खोटा आहे.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "हा फ्रॉक कधी शिवलाय?"

मी सांगितलं, तीन आठवडे झाले.

"दोन इंच पोट गेलं असतं तर तो सैल व्हायला हवा होता."

चष्मेवाली तेव्हा भिंगरीची बटणं लावत होती. पोटावरचं बटण ओढून लावावं लागलं. काज ताणून लांबुळका झालेला होता. मी शिंप्याचा मुलगा. मला ते तीन आठवडे दिसलं नव्हतं.

घरी आलो तर बाबा मशीनवर होते. मी त्यांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. भांडायलाच आलो होतो. लाल रेघेची रुंदी आणि टेपची रुंदी, एवढं म्हणालो, आणि नर्सनं सांगितलेलं सगळं: आवरण फाटलं तर काय. त्यांनी पायाखालचं मशीन थांबवलं.

"दाबायचं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते रिक्षा बघायला गेले होते, आणि नंतर ताईला वाटलं मी सांगितलं, मला वाटलं ताईनं.

म्हणालो, पण बोटं का नाही घातलीत तुम्ही? कुणाच्याही मापाला घालता.

त्यांनी कापडावरचा खडू झटकला. मग म्हणाले, "पहिल्या रविवारी दोन घातली होती, तर आकडा तोच आला. ताई दारात उभी होती. मग एक काढलं. मग दुसरं. मी मोजत नव्हतो रे. ओढत होतो."

मी भांडणार होतो. आरशावरचे आकडे पुसले आणि मागच्या खोलीत येऊन बसलो.

११ मार्च

सकाळी उठल्याउठल्या भिंगरीला घेऊन हॉस्पिटल गाठलं, टेपचं सगळं सांगून टाकलं. मोठ्या डॉक्टरांनी कालचं स्कॅन माझ्यासमोर पुन्हा पाहिलं. आवरण शाबूत आहे. कुठेही काही सांडलेलं नाही. मी खुर्चीत बसलो तेव्हा कळलं की इतका वेळ उभा होतो. त्या म्हणाल्या, तुमच्या बाबांना आत घेऊन या पुढच्या वेळी, प्रत्येक गोष्ट त्यांच्यासमोर सांगायला हवी होती, ती चूक आमचीही.

मग स्कॅनच्या खोलीबाहेर जाऊन थांबलो. चष्मेवाली आली तेव्हा तयार केलेलं माफीचं भाषण विसरलो. म्हणालो, रेघ सरळ होती तुमची. ती म्हणाली, माहितीय मला. मग म्हणाली, या, एक गंमत बघा, पण अर्थ मोठ्या डॉक्टरांना विचारायचा, माझं काम फक्त मोजायचं.

दोन चित्रं शेजारी लावली. आकार तोच. पण महिन्यापूर्वीची गाठ आतून उजळ होती, आताची आतून काळी, मधोमध, कडेपर्यंत. मोठ्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, काळं दिसतं तिथं रक्त पोचत नाहीये. बहुतेक मेलेली गाठ आहे ती. काही गाठी औषधानं आटतात, काही जागच्या जागी मरतात आणि आकार तेवढाच ठेवतात. कधी तर मेलेली गाठ फुगतेसुद्धा. म्हणून आकार बघायचा, पण नुसत्या आकारावर निकाल द्यायचा नाही. नक्की काय ते काढल्यावरच कळेल.

भिंगरीला सांगितलं की भाडेकरू बहुतेक निघून गेलाय, पण सामान खोलीतच टाकून गेलाय. ती म्हणाली, मग सामान रस्त्यावर ठेवा ना.

बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एक विचारलं: "म्हणजे ओढायची गरजच नव्हती?"

१७ मार्च

ऑपरेशन. सकाळी आत नेली. दारापाशी भिंगरीनं आबांना विचारलं, तुम्ही येताय का आत? बाबा म्हणाले, तिथले शिंपी वेगळे आहेत, पण चांगले आहेत.

ताई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. बाबा खिशात हात घालून. खिशात टेप होता, बाहेरून गुंडाळी दिसत होती; आत बोटांनी ते ती उलगडत आणि गुंडाळत होते.

दुपारी चष्मेवाली ड्युटी संपवून आली. तीन चहा आणले. चौथा नव्हता, म्हणून मी माझा तिला दिला आणि तिनं अर्धा परत दिला. दोन खुर्च्या सोडून बसली होती, नंतर एक. मोजायचं शिकायला किती वर्षं लागतात, मी विचारलं. म्हणाली, "तीन. मध्येच सोडलं नाही तर." ताई डोळे मिटूनच हसली. हे हिला कुणी सांगितलं?

संध्याकाळी मोठ्या डॉक्टर टोपी काढत बाहेर आल्या. गाठ अखंड निघाली. न फुटता.

फोनवर दुपारपासून कॉलेजातल्या तिचा निरोप येऊन पडलाय. आत्ता दिसला. उद्या बघतो.

१९ मार्च

भिंगरी जागी. पहिलं वाक्य: खोली झाडली का?

२७ मार्च

रिपोर्ट. या वेळी बाबा आत होते, पुढच्या खुर्चीवर. मोठ्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघून सांगितलं. गाठीचा बहुतेक भाग मेलेला सापडला. थोडा जिवंत उरला होता, तोही आडदांड जातीचा नाही. कडा स्वच्छ. पुढे काही महिने औषधं लागतील, पण सौम्य. किरणोपचार नको.

ताईनं दीड महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं, "म्हणजे वाचेल?"

"अशा शंभरातली नव्वद मुलं मोठी होतात."

"आणि दहा?"

"त्या दहांत कोण हे आज माझ्यासकट कुणालाच माहीत नाही. म्हणून तर दर तीन महिन्यांनी बघायचं."

मला वाटलं आता ताई रडेल. तिनं डॉक्टरांच्या खिशावरचा सुटत आलेला स्टिकर अंगठ्यानं परत चिकटवला.

दाजींना फोन केला. आकडा सांगितला नाही. म्हणालो, भिंगरी विचारतेय बोटीवर भाडेकरू असतात का. ते हसले, मग फोन कुणाच्या तरी हातात देऊन गेले.

परतताना स्कॅनच्या खोलीत डोकावलो. ती आत होती, पडद्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या गाठीला रेघ ओढत. तिच्या टेबलाशी एक माणूस पाय हलवत उभा होता. मी त्याला सांगितलं, टेबलाला लागतोय.

१२ एप्रिल

या वहीच्या पहिल्या पानावरच्या चार ओळी आज वाचल्या. वृत्त साफ चुकलंय. पान फाडलं. जोडीचं मागचंही सुटलं, ते कोरंच होतं.

बाबांनी सकाळी भिंगरीला हाक मारली. नवा फ्रॉक. उरलेलं निळं कापड नाही, नवीन, पिवळं. ती स्टुलावर चढली, डोक्यावर एक केस नाही, कुशीवर शिवण. तिला त्या शिवणीचा फार अभिमान आहे. आबांना म्हणते, तुमच्यापेक्षा बारीक टाके आहेत. बाबांनी टेप माझ्या हातात दिला. म्हणाले, तू घे, माझा हात आता भरवशाचा नाही.

घेतला. दोन बोटं घातली. बाबा वाकून बघत होते. म्हणाले, "तिसरं घाल."

संध्याकाळी फ्रॉक तयार झाला. आतून उलटा करून बघितला तर केवढी माया सोडलीय: कुशीला चार बोटं, घेराला वीतभर दुमडून आत. मी म्हणालो, बाबा, एवढी कशाला? अंगावर फुगेल, वजन होईल तिला.

ते सुईत दोरा ओवत होते. मान वर केली नाही.

"आत्ता जरा फुगू दे," म्हणाले. "दरवर्षी थोडं थोडं उसवू. आठवीत जाईपर्यंत चालला पाहिजे."

पाच वर्षांच्या पोरीचा फ्रॉक आठवीपर्यंत कसा चालेल? उंची, खांदा, बाही, काही हिशेब आहे की नाही. हे मी त्यांना सांगणार होतो. पण भिंगरी तो घालून दुकानभर गोल फिरायला लागली होती, आणि पिवळं कापड इतकं भरून फिरत होतं की मला शटर पूर्ण वर करावं लागलं.